पोळ्याच्या दुपारी पडलेला मोर

हिंगणघाटच्या जुन्या बाजारातल्या इमारतींची तोंडं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. म्हणून या अंकाचे संपादक दर दिवाळीला मला त्यातलंच काहीतरी लिहायला सांगतात, आणि मीही लिहीत आलो. वाटणी झालेल्या हत्तींचं लिहिलं, आंधळ्या पोपटाचं लिहिलं. मोराचं मात्र कधी लिहिलं नाही. कोणी विचारलंच तर ‘ते पुढं कधीतरी’ म्हणून विषय चहाकडे वळवायचो. विषय चहाकडे वळवण्यात माझा हात प्लास्टरपेक्षाही चांगला बसला होता.

यंदा मोराचं लिहितो. लिहिता येतं आहे, याचं मलाच नवल वाटतं. होळीनंतर माझी झोप सुधारली आहे. डॉक्टर म्हणतात, गोळ्या लागू पडल्या. असेल तसंही.

आधी काम काय असतं ते सांगतो. कापसाच्या चांगल्या दिवसांत ज्यांनी इथं पेढ्या बांधल्या, त्यांनी मागच्या भिंती साध्या ठेवल्या आणि सगळी हौस रस्त्याकडच्या भिंतीवर फेडली. कमानी, वेलबुट्टी, सिंह, पोपट, बंदूक घेतलेला शिपाई. एका पेढीवर तर घड्याळाची गोल चौकट आहे आणि आत घड्याळ कधी बसलंच नाही. मालकाला चौकटच परवडली म्हणे. हे सगळं दगडाचं वाटतं, पण आतून वीट आणि वरून चुना असतो. हे चुन्याचं काम झडतं, काळं पडतं, त्यावर पिंपळ उगवतो, दुकानदार पाट्या ठोकतात. ते मूळ होतं तसं परत करायचं, हे माझं काम. बाजारात मला ‘तोंडधुवे मिस्त्री’ म्हणत. मला ते नाव आवडायचं.

चुना म्हणजे पानाला लावतात तोच, पण त्याला वागवायची रीत वेगळी. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, आणि मग तो लोण्यासारखा चुना पाण्याखाली मुरत ठेवायचा. जितका जुना तितका गुणी. घाई केली तर त्यात न विरलेले बारीक कण राहतात. ते भिंतीत गेल्यावर ओल पिऊन फुगतात आणि प्लास्टरवर देवीच्या व्रणांसारखे फोड उठतात. याला कच्चा चुना म्हणतात. चुना करणाऱ्या माणसाला ‘तुझा चुना कच्चा’ म्हणणं म्हणजे दूधवाल्याला ‘पाणी घालतोस’ म्हणण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट, चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि हिवाळ्यात सोडते. तिच्यावर सिमेंट लावणं म्हणजे घामाघूम माणसाला रेनकोट घालून उन्हात बसवणं. सिमेंट लवकर आवळतं म्हणून सगळ्यांना आवडतं. पण ओल मागं कोंडली जाते, जुनी वीट भुसभुशीत होते, आणि एक दिवस सिमेंट विटेचा पापुद्रा घेऊनच खाली येतं. कच्चा चुना फोड देतो, सिमेंट खपली काढतं. दोन आजार, दोन लक्षणं. ज्याला हा फरक कळत नाही त्यानं या कामाला हात लावू नये. मला कळत होता.

हत्तींचं ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका पेढीच्या दारावर गजलक्ष्मी होती. मध्ये देवी, दोन्ही बाजूंना सोंड वर केलेले हत्ती. दोघा भावांत वाटणी झाली आणि हद्दीची रेघ लक्ष्मीच्या नाकावरून गेली. थोरल्यानं आपला हत्ती आणि अर्धी लक्ष्मी पोपटी ऑईलपेंटनं रंगवली. धाकट्यानं चिडून आपल्या बाजूला काहीच लावलं नाही. मला बोलावलं ते त्यांच्या आईनं. मी थोरल्याला म्हटलं, हा रंग काढावा लागेल, याच्याखाली चुना कुजतो आहे.

‘माझ्या हद्दीतला हत्ती हाय. मी त्याले जांभळा बी करीन.’

‘करा. पण देवीचं अर्धंच तोंड रंगवलं तर ती कोणत्या अर्ध्यानं आशीर्वाद देईल, ते बघा.’

तो दिवसभर विचारात पडला आणि संध्याकाळी रंग काढायला हो म्हणाला. आता दोन्ही हत्ती पांढरे आहेत. दिवाळीत मात्र प्रत्येक भाऊ आपापल्या हत्तीवर वेगळा दिवा लावतो, आणि कोणाचा जास्त उजेड पडतो यावरून अजून धुसफूस चालते. पोपटाचं दुःख त्याहून लहान. मोबाईलच्या दुकानाची पाटी अडकवायला कोणीतरी त्याच्या डोळ्यातच बोल्ट ठोकला होता.

असे किस्से सांगत बसलं की माणूस मोठा गमतीदार वाटतो. मी तेवढ्यासाठीच ते सांगत होतो.

आता किसनाजींचं. वणा नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची चुन्याची भट्टी होती. भट्टीशेजारी मुरणाऱ्या चुन्याचे खड्डे, त्यावर पाणी, पाण्यावर बाभळीची सावली. माझ्याहून ते बरेच मोठे, तरी बाजार त्यांना किसना म्हणायचा आणि मीही म्हणायचो. ‘किसनाजी’ म्हणायला मी फार उशिरा शिकलो. ते मात्र मला पहिल्यापासून वामनभाऊ म्हणत.

चुना द्यायची त्यांची एक रीत होती. थापीवर चुन्याचा गोळा घ्यायचा आणि थापी उलटी धरायची. गोळा चिकटून राहिला तर चुना तयार. पडला तर खड्ड्यावर परत झाकण. मालक मोठा असो की छोटा, कोणासाठी ही रीत मोडली नाही. मी एकदा फार मागं लागलो तेव्हा म्हणाले, ‘काऊन एवढी घाई करून राह्यले वामनभाऊ? तरणा चुना भिंतीले चावते. म्हातारा होऊ द्या त्याले. तुमी बी म्हातारे झाल्यावरच कामाचे व्हान.’

मोठ्यानं हसले. मीही हसलो. आमची जोडी चांगली होती. चुना त्यांचा, हात माझा. भिंत ओली की सुकी, हे ते तळहात टेकवून सांगत आणि मी ते मानायचो.

कापड ओळीतल्या एका शेठजींच्या पेढीचं काम आम्हाला मिळालं. दाराच्या कमानीवर समोरासमोर दोन मोर होते, पिसारा मिटलेले, झिजून कोंबड्यांसारखे झालेले. ते नव्यानं घडवायचे होते. शेठजींच्या थोरल्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेलं. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत चालला होता आणि भिंत ओली होती. मोर जड असतात. त्यांच्या मागं चुन्याचा पाया घालून, तो पूर्ण आवळल्यावरच मोर उभा करायचा असतो. पाया काही आवळत नव्हता.

दसऱ्याला किसनाजी दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जात. त्यांच्या घरचे सगळे जात. त्यात कधी खंड पडला नाही. निघताना त्यांनी परांचीवर चढून भिंतीला हात लावला.

‘वल्ली हाय. मी येईपर्यंत मोराले हात लावू नका. तिले आपल्या मनानं सुकू द्या.’

मी हो म्हटलं.

ते गेले त्याच दिवशी शेठजी खाली येऊन उभे राहिले. मान वर करून म्हणाले, ‘मिस्त्री, वरात याच दारात येणार. दरवाजा बोडका दिसतो. व्याही काय म्हणतील?’

‘भिंत सुकली नाही शेठजी.’

‘भिंतीला माझ्या मुलीचं लग्न माहीत नाही. तुला तर माहीत आहे ना?’

त्या ओळीतल्या पुढच्या सगळ्या पेढ्यांचं काम शेठजींच्या शब्दावर अवलंबून होतं. मागच्या अंगणात न्हाणीघर बांधणं चाललं होतं, तिथं सिमेंटचं पोतं फोडलेलं होतं. मी चुन्याचा ओला पाया खरवडून काढला आणि त्या जागी सिमेंटचा घातला. दोन्ही मोरांच्या मागं. तो लगेच आवळला. त्यावर किसनाजींच्याच चुन्यात मोर उभे केले. करडा रंग कुठून दिसू नये म्हणून कडा चुन्यानं लिंपल्या. मोर सुरेख झाले, हे सांगायलाच हवं. माझ्या हातचं तेवढं चांगलं काम नंतर झालं नाही.

किसनाजी परतले, पाहायला वर चढले.

‘मोर उभे बी केले?’

‘भिंत सुकली ना.’

त्यांनी बोट वाकवून मोराच्या पोटावर टकटक केलं. कान लावला. पुन्हा टकटक केलं.

‘आवाज पक्का येऊन राह्यला,’ ते म्हणाले. ‘लय पक्का.’

आणि खाली उतरले. लग्न थाटात झालं. व्याह्यांनी मोरांखाली उभं राहून फोटो काढले.

पुढच्या पावसाळ्यात, पोळ्याच्या दिवशी, भर दुपारी डावा मोर पडला. बाजारातली माणसं बैल पाहायला गेली होती. कमानीखाली शेंगदाणेवाल्याची हातगाडी उभी होती, तोही बैलांकडेच गेला होता. गाडीचे दोन तुकडे झाले. माणूस कोणी खाली सापडला नाही.

पण दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. त्या दिवशी बाजारातली सगळी लेकरं लाकडी बैल घेऊन शेठजींच्या ओट्यापुढं रांग लावत, कारण शेठजी प्रत्येकाच्या हातावर खाऊ ठेवत. शेठजींनी त्याच ओट्यापुढं पडलेला मोर पाहिला. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. तो राग नव्हता. भीती होती, आणि अशा भीतीला कोणीतरी गुन्हेगार हवा असतो.

ओट्यासमोर माणसं जमली. मी आलो. कोणीतरी निरोप दिला म्हणून किसनाजीही आले, पोळ्याचं धुतलेलं धोतर नेसून.

‘चुना कोणाचा?’ गर्दीतून आवाज आला.

‘चुना माझा,’ किसनाजी म्हणाले. वाकून मोराचा एक तुकडा उचलला आणि उलटा केला. मागच्या बाजूला विटेचा लाल भुगा चिकटला होता आणि त्याखाली करडं सिमेंट. त्यांनी अंगठ्यानं भुगा पुसला. माझ्याकडे पाहिलं नाही.

‘शेठजी, चुना कच्चा असता तं फोड आले असते. हे खपली निघाली हाय. मागून पाहा—’

‘तू मला शिकवू नको,’ शेठजी म्हणाले. ‘उद्या इथं लेकरं मेली असती. मिस्त्री, तू सांग. काय झालं?’

‘हो, वामनभाऊले इचारा,’ किसनाजी म्हणाले. ‘मोर त्यायनंच बसवले. ते सांगतीन.’

हे ते विश्वासानं म्हणाले की मला पेचात पकडायला, ते मला अजून कळलेलं नाही. दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे.

मी म्हटलं, ‘चुना कच्चा निघाला.’

एवढंच वाक्य. ते खपलं, कारण ते खपण्यासारखं होतं. त्या गर्दीत माझे नातेवाईक होते, आमच्या जातीची माणसं होती, माझ्या बापाला ओळखणारे दुकानदार होते. किसनाजींच्या वस्तीतला एकही माणूस नव्हता. त्यांच्या नावाला डाग लावणं सोपं आहे आणि माझ्या नावाला लावणं अवघड आहे, हे मला त्या क्षणी नीट माहीत होतं. घाबरून बोललो असं पुढं मी स्वतःला सांगत आलो. घाबरलो होतोच. पण हिशेबही केला होता.

किसनाजींनी तो तुकडा दुपट्ट्यात बांधला आणि गेले.

त्यानंतर त्यांचा चुना कोणी घेतला नाही. भट्टी विझली ती विझलीच. आणि मी एकाच माणसाचं नुकसान केलं असं मला वाटत होतं, तेही खरं नव्हतं. ‘चुन्याचा भरवसा नाही, मोर पडला पाहा’ असं बाजारभर झालं, आणि ओळीनं सगळे दर्शनी भागावर सिमेंट मागू लागले. मला ठाऊक होतं त्यानं काय होणार. मी ‘नको’ म्हटलं असतं तर ‘का’ विचारलं असतं. म्हणून लावून दिलं. काही वर्षांनी त्याच भिंती खपल्या टाकू लागल्या आणि त्या दुरुस्त करायला लोक मलाच बोलावू लागले. लोक मला जुन्या इमारतींचा वैद्य म्हणत. रोग कोणी पसरवला हे वैद्य सांगत नव्हता.

शेठजींनी पडलेल्या मोराच्या जागी मोठी पाटी लावली. उजव्या मोराच्या मागं तुळईचं टोक होतं म्हणून तो तगला. त्याला मी लोखंडी पट्टीनं आवळलं आणि त्या रस्त्यानं जाताना मान खाली घालायला शिकलो.

किसनाजी मला पुढं एकदाच भेटले, नागपूर रस्त्यावरच्या जाम गावी. नागपूरला जाणारी आमची एसटी तिथं एका धाब्यावर थांबली. मागच्या बाजूला तंदूरची भट्टी होती आणि तिच्यासमोर ते बसले होते, हाताला ओलं फडकं गुंडाळून. चुन्याची भट्टी गेली तर माणसानं रोट्यांची धरली होती. आगीचा अंदाज त्यांना होताच.

‘वामनभाऊ, रोटी घेता का?’

‘नको. बसा तुम्ही. मला जरा बोलायचं होतं.’

‘बोला ना.’

गाडी जामला थांबते, हे मला माहीत होतं. ते इथं असतात, हेही ऐकून होतो. घरून निघाल्यापासून मी मनातल्या मनात वाक्य जुळवत आलो होतो. आता ते तोंडापर्यंत आलं.

‘तो मोर…’

त्यांनी आकड्यानं रोटी बाहेर काढली, झटकली, टोपलीत टाकली.

‘गाडी सुटून राह्यली तुमची,’ ते म्हणाले. ‘जा. चुकली तं इथं ऊन लय हाय. मंग कधी येजा.’

मी आज्ञाधारक पोरासारखा पळत बसमध्ये चढलो. जागेवर बसून पाहिलं तर कंडक्टर अजून बाकावर बशीत चहा ओतत होता.

त्यानंतर मी नागपूरला रेल्वेनं जाऊ लागलो. बायकोला सांगितलं, एसटीनं कंबर दुखते. पुढं एकदा हार्डवेअरच्या दुकानात कोणीतरी सहज म्हणालं, तो जुना चुनेवाला किसना वारला. मी खिळे घ्यायला गेलो होतो. खिळे घेऊन घरी आलो.

गेल्या हिवाळ्यात शेठजींचा नातू घरी आला. शेठजी कधीच गेले. हा मुलगा पुण्यात शिकलेला, आता पेढी चालवतो. म्हणाला, ‘काका, मला समोरची भिंत मूळ होती तशी करायची आहे. चुन्यातच. तुम्ही फक्त खाली खुर्चीवर बसून सांगा.’ मी तब्येतीचं कारण सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. शेठजींचंच रक्त.

पाटी उतरवली. मजुरांनी उजव्या मोराची पट्टी काढली, कडेचा चुना खरवडला, आणि मोराच्या पोटाखालून करडा रंग बाहेर आला. मजूर वरून ओरडला, इथं सिमेंट लागलं म्हणून. नातू स्वतः परांचीवर चढला, पाहून खाली आला.

‘आमच्याकडे तर सगळे सांगतात की चुना कच्चा होता. हे सिमेंट कोणी घातलं?’

चहाची टपरी समोरच होती. विषय तिकडे वळवता आला असता.

‘मी,’ मी म्हटलं.

मला वाटलं होतं, काहीतरी कोसळेल. तो म्हणाला, ‘अच्छा. मग आता मोराला धक्का न लावता हे काढायचं कसं?’

त्याच्या दृष्टीनं तो कामातला प्रश्न होता. मी त्याला छिन्नी कुठून लावायची ते सांगितलं. सांगताना छाती इतकी मोकळी झाली होती की मला जरा लाजच वाटली. एवढंच होतं का ते? एका अक्षराचा शब्द?

एवढंच नव्हतं. किसनाजींची मुलगी सुजाता सरकारी दवाखान्यात नर्स आहे, हे मला ठाऊक होतं. जाणूनबुजून मी रक्तदाब दुसरीकडे तपासून घ्यायचो. तिच्या घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी किसनाजींचा. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती. डबा हातातच होता.

‘मले सांगून काय होते काकाजी?’ ती शेवटी म्हणाली. ‘मी तं आधीपासूनच मानत होती का बाबाचा चुना पक्का होता. ज्यायनं नाई मानलं, त्यायले सांगा. ज्या ओट्यावर बोलले, त्याच ओट्यावर.’

‘ते लोक आता कुठे राहिले?’

‘जेवढे असतीन तेवढे.’

होळीच्या आधीच्या रविवारी मी शेठजींच्या ओट्यावर उभा राहिलो. नातवानं खुर्ची दिली होती. मी बसलो नाही. ओळीतले दुकानदार आले, त्यांतले निम्मे त्या वेळी जन्मलेही नव्हते. सुजाता रस्त्याच्या पलीकडे स्कूटीवर बसून होती, हेल्मेट न काढता. मी सांगितलं, मोर कशानं पडला, सिमेंट कोणी घातलं, खोटं कोण बोललं. किसनाजींचं पूर्ण नाव घेतलं. त्या बाजारात ते बहुधा पहिल्यांदाच घेतलं गेलं असेल.

एका तरुण कापडवाल्यानं शेजाऱ्याला विचारलं, ‘कोन किसना?’

हे मला सगळ्यांत जास्त लागलं. माझं वाक्य बाजारात राहिलं होतं आणि माणूस विसरला गेला होता. चुन्याचा भरवसा नाही हे प्रत्येकाला पाठ, चुनेवाला कोणाला आठवत नाही.

म्हातारे बांगडीवाले काका तेवढे पुढं आले. म्हणाले, ‘मले आठवते. मले तवाच वाटलं होतं, खपली निघाली म्हणून.’

‘मग बोलले का नाही?’

‘तुमी मिस्त्री. तुमी म्हटलं तं आमी कोन?’ मग म्हणाले, ‘अन् मी बी घाबरलोच होतो ना बापा.’

लोक पांगले. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी पाठ थोपटली नाही. कोणीतरी चहा सांगितला. तो मी प्यायलो, आणि या खेपेला विषय न वळवता प्यायलो.

सुजातानं हेल्मेट काढलं. ‘माफ-बिफ मी करनार नाई,’ ती म्हणाली. ‘ते बाबाचं काम होतं, ते गेले. पण तुमाले मोर करायचा हाय ना? घरी या. चुना हाय.’

घराच्या मागच्या अंगणात कडुनिंबाखाली गळ्यापर्यंत पुरलेला एक रांजण होता. तिनं त्यावरची फरशी सरकवली. वर वीतभर स्वच्छ पाणी, खाली पांढरं लोणी. भट्टी विझली तेव्हा शेवटच्या खड्ड्यातला, म्हणजे ज्यातून मोरांसाठी चुना काढला होता त्याच खड्ड्यातला, उरलेला चुना किसनाजींनी बैलगाडीतून घरी आणला होता. सुजाताला सांगून ठेवलं होतं, वरचं पाणी कमी पडू देऊ नको. ती लग्न होऊन गेली, परत आली, बदल्या झाल्या, पण येऊन-जाऊन पाणी घालत राहिली.

‘कशाले ठेवलं, ते कधी सांगितलं नाई त्यायनं. मी बी इचारलं नाई. झाडाले घालतो तसं घालत गेली.’

मी गुडघे टेकून बसलो. थापी घरून आणली होती. तिच्यावर गोळा घेतला आणि थापी उलटी धरली. गोळा पडला नाही. सुजाता पाहत होती. तिनं हे लहानपणी रोज पाहिलेलं असणार. ती आत गेली आणि बादली घेऊन आली.

डाव्या बाजूला आता नवा मोर आहे. पाया चुन्याचा घातला आणि तो आवळेपर्यंत थांबलो. नातवानं एकदा विचारलं, किती दिवस लागतील. मी म्हटलं, भिंतीला विचार. मोर मी पूर्वीइतका सुरेख करू शकलो नाही. मान जरा जाड झाली आहे. उजवा चांगला, डावा खरा, असं मी लोकांना सांगतो. यंदाचा पावसाळा गेला, पोळा झाला, तान्ह्या पोळ्याला लेकरं ओट्यापुढं रांगेत उभी राहिली. मी पलीकडे बांगडीवाल्या काकांच्या दुकानात बसून दिवसभर वर पाहत होतो. मान दुखली. काही पडलं नाही.

बाजाराला सांगून झालं, मुलीला सांगून झालं, आज तुम्हा वाचकांनाही सांगितलं. ज्यांना सांगायचं होतं ते तेवढे राहिले. जामला तंदूरसमोर जे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, ते मी घरापासून पाठ करत आलो होतो, म्हणून शब्दशः आठवतं. कंडक्टरचा चहा व्हायचा होता. बोलायला वेळ होता.

किसनाजी, तुमचा चुना कच्चा नव्हता. तुम्ही नागपूरला गेला होतात तेव्हा मोरांच्या मागं सिमेंट मी घातलं, आणि ओट्यावर तुमच्यादेखत खोटं बोललो. मला माफ करा.